भूकंप आधी कळत नाही, मग ती यंत्रं नेमकं काय ऐकतात?

केतकीरान

नमस्कार मंडळी,

परवा रात्री अडीचच्या सुमाराला आमच्याकडे भूकंपाचा धक्का बसला. आधी खिडकीची तावदानं थडथडली. मी जागी झाले, कान टवकारले, तर सगळं शांत. चारेक सेकंद गेले असतील, आणि मग कुणी पलंगाला आडवा हिसका द्यावा तसं सगळं घर हललं. मुलीला उचलून मी दारापर्यंत गेले आणि चौकटीतच खिळले. बाहेर पळायचं की आत थांबायचं, काही म्हणता काही सुचेना. तोवर थांबलंही.

थोड्या वेळानं फोनवर बातमी आली: ४.८ रिश्टर, खोली १० किलोमीटर. तासाभरात दुसरा निरोप फिरायला लागला, 'पहाटे पाच वाजता याहून मोठा धक्का बसणार आहे, कुणीही घरात झोपू नका.' अख्खी इमारत खाली उघड्यावर बसून राहिली, म्हातारी माणसं, तान्ही मुलं, सगळी. पाच वाजले, सहा वाजले, उजाडलं. काही झालं नाही.

मला हे खरंच समजून घ्यायचंय. भूकंप झाल्यावर काही मिनिटांत त्याची जागा आणि खोली सांगणारी यंत्रं आहेत, मग तीच यंत्रं काही मिनिटं आधी का सांगू शकत नाहीत? ४.८ म्हणजे नेमकं काय ४.८? आणि मी चौकटीत उभी राहिले ते बरोबर की चूक? जाणकारांनी कृपया सांगावं.

उनाड_वारा

आमच्याकडे एकदा असाच धक्का बसला तेव्हा काका तडक उठले आणि 'वरचे लोक रात्री-बेरात्री कपाटं ओढतात, सांगूनच येतो' म्हणत निघाले. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो.

बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत.

लंबक

केतकीताई, मी एका भूकंपमापन केंद्रावर बरीच वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुम्ही झोपेतून उठून जे टिपलंत तेच आम्ही कागदावर वाचायचो.

जमिनीखाली खडक तुटून सरकतो तेव्हा त्यातून दोन प्रकारच्या लाटा एकाच क्षणी निघतात. एक प्राथमिक लाट. ती खडकाला दाबत-सोडत पुढे जाते, भूकवचात सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगानं. दुसरी दुय्यम लाट. ती खडकाला आडवं हलवत जाते, सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर. तुमची तावदानं पहिलीनं थडथडवली, पलंग दुसरीनं हलवला. मधे शांत वाटलं तेव्हा दुसरी वाटेत होती. त्या मधल्या सेकंदांना ढोबळमानानं ८ नं गुणलं की अंतर निघतं. चार सेकंद म्हणजे ३२ किलोमीटर. बातमीत भूकंपाचं केंद्र कुठे सांगितलंय ते नकाशावर मोजून बघा, फार फरक नसावा.

असं तीन ठिकाणांहून अंतर कळलं की तिन्हींभोवती वर्तुळं काढायची. ती जिथे छेदतात तिथे भूकंप. आता संगणक शेकडो केंद्रांच्या नोंदी एकदम घेऊन हे करतो, पण आम्ही कंपास घेऊन नकाशावर काढलेलं आहे. वर्तुळं एका बिंदूत मिळायची नाहीत, मधे एक लहानसा त्रिकोण उरायचा. भूकंप जमिनीच्या पृष्ठभागावर नसून खाली खोल झालेला असतो, हे त्याचं एक कारण. तो त्रिकोण बघितला की मला दरवेळी पायाखालच्या त्या खोलीची जाणीव व्हायची.

यंत्राचं तत्त्व साधं आहे. एक जड वजन टांगायचं. जमीन हलते, वजन जडपणामुळे जागेवर राहू बघतं. दोघांतला फरक लिहून घ्यायचा. आमच्याकडे कागद गुंडाळलेला दंडगोल सावकाश फिरायचा आणि सुई त्यावर रेघ काढायची. रोज ठरल्या वेळी कागद बदलायचा, घड्याळ सेकंदाला जुळवायचं. घड्याळ एका सेकंदानं चुकलं की हिशेब सहा किलोमीटरनं चुकला. रस्त्यावरचा ट्रक, वाऱ्यानं हलणारं झाड, आमची पावलं, सगळं त्या रेघेत उमटायचं. लांबच्या समुद्राच्या लाटासुद्धा. त्यामुळे रेघ अगदी सरळ अशी मी कधीच पाहिली नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. यंत्र लाट ऐकतं. लाट निघायच्या आधी त्याला ऐकायला काही नसतं.

पारिजातक

लंबककाका, अप्रतिम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

प्रश्नचिन्ह

लंबक यांच्याबद्दल आदर आहे, पण 'ऐकायला काही नसतं' हे पटत नाही. १९७५ साली चीनमधल्या हायचेंगला भूकंपाआधीच लोकांना घराबाहेर काढलं होतं आणि हजारोंचे जीव वाचले. ऐन थंडीत साप बिळाबाहेर आले होते, विहिरींचं पाणी वर-खाली झालं होतं. सापांना कळतं आणि आपल्या यंत्रांना नाही? की कळतं, पण घबराट पसरेल म्हणून सांगत नाहीत? मी हे खोडसाळपणे विचारत नाही, मला खरंच ही शंका आहे.

खडकवेडा

प्रश्नचिन्ह, शंका रास्त आहे. मी भूशास्त्राचा अभ्यासक आहे आणि विद्यार्थी दरवर्षी हायचेंगबद्दल विचारतात. पण ती गोष्ट अर्धीच सांगितली जाते.

४ फेब्रुवारी १९७५ च्या मुख्य धक्क्याआधी तिथे शेकडो लहान धक्के बसले होते. शेवटच्या दिवशी तर लोक आपणहून बाहेर पडत होते. प्रशासनानं त्याची दखल घेतली हे फार मोलाचं. पण पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ ला, त्याच देशात तांगशानला भूकंप झाला तेव्हा असे पूर्वधक्के आले नाहीत. पहाटे सगळे झोपेत होते. सरकारी आकड्यानुसार सुमारे २ लाख ४२ हजार माणसं गेली. एकदा जुळलं म्हणून पद्धत सापडली असं होत नाही, हे त्या दोन भूकंपांनी फार क्रूरपणे दाखवलं.

दुसरं उदाहरण पार्कफील्डचं. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भेगेवरची ही छोटी वस्ती. तिथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ असे सहाच्या आसपासचे भूकंप झाले, सरासरी दर २२ वर्षांनी एक. म्हणून शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की पुढचा १९९३ च्या आत येईल, आणि त्या भागात यंत्रांचं जाळं उभारलं. १९९३ उलटून गेलं. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला. जागा बरोबर, आकार बरोबर, वेळ ११ वर्षांनी चुकली. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की इतक्या जवळ इतकी यंत्रं असूनही आदल्या दिवशी, आदल्या तासाला कशावरही विश्वासार्ह खूण सापडली नाही.

असं का? भूकंपाची सुरुवात एका लहानशा जागी होते. तिथून फाटणं कुठवर धावेल ते पुढच्या खडकावर, त्यातल्या ताणावर, घर्षणावर ठरतं. बहुतेक वेळा शे-दोनशे मीटरवर थांबतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्रापाशी ते सुमारे १३०० किलोमीटर धावत गेलं. पहिल्या क्षणी दोन्ही सारखेच दिसतात. कागद फाडायला सुरुवात केली की तो कुठे थांबेल हे पहिल्या चिरेवरून सांगता येत नाही.

'कळतं पण सांगत नाहीत' याबद्दल. इटलीत लाक्विला इथे २००९ साली महिनोन् महिने लहान धक्के बसत होते. लोक घाबरले होते, तर त्यांना धीर देण्यात आला. ६ एप्रिलला मोठा भूकंप झाला, ३०९ माणसं गेली. सहा शास्त्रज्ञ आणि एका अधिकाऱ्याला २०१२ मध्ये शिक्षा झाली, शास्त्रज्ञ २०१४ मध्ये निर्दोष सुटले. खटला भाकीत न केल्याबद्दलचा होता असं सर्रास लिहिलं जातं, ते बरोबर नाही. आरोप लोकांना खोटा दिलासा मिळाल्याचा होता. 'भूकंप होणार' हे जसं सांगता येत नाही, तसं 'होणार नाही' हेही सांगता येत नाही. हे दुसरं वाक्य लोकांपर्यंत पोचवणं जास्त अवघड आहे.

प्राण्यांचं म्हणाल तर कुत्रं आपल्याआधी दचकतं हे खरं, कारण पहिली हलकी लाट त्याला जाणवते, आपल्याला नाही. पण ते काही सेकंद झाले. काही दिवस आधी कळल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पडताळून पुन्हा पुन्हा दाखवता आलेली एकही नाही.

शब्दवेल्हाळ

अवांतर होईल, पण केतकीरान यांच्या दुसऱ्या प्रश्नातला अर्धा गोंधळ आपल्या मराठीनं केलेला आहे, म्हणून लिहितो.

आपण छापतो 'भूकंपाची तीव्रता ४.८ रिश्टर'. पण तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी किती जोरानं हललं ते. ती प्रत्येक गावी वेगळी. ४.८ हा आकडा भूकंपाचा स्वतःचा आहे, तो सगळीकडे एकच. हाक किती जोरात मारली ते एक, आणि कुणाला कशी ऐकू आली ते दुसरं. या दोन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे लोक भांडतात, 'आमच्याकडे तर चारसुद्धा नव्हता, तुमच्याकडे पाच कसा?' तीव्रतेची मोजपट्टी वेगळी असते, एक ते बारा, आणि ती माणसांच्या अनुभवावरून आणि पडझडीवरून ठरते. मी तरी लिहिताना 'भूकंपाचा आकार' आणि 'गावातली तीव्रता' असं वेगळं लिहितो.

आणि 'रिश्टर' हे यंत्राचं नाव नाही! चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी, एका विशिष्ट यंत्राच्या रेघेवरून ती पट्टी तयार केली. फार मोठ्या भूकंपांना ती अपुरी पडते. १९७९ पासून वेगळी पट्टी आहे, ती भेग किती लांब-रुंद सरकली आणि किती सरकली यावरून आकडा काढते. बातमीत मात्र रिश्टर चिकटून बसलाय.

उनाड_वारा

शब्दवेल्हाळ, 'राजकीय भूकंप' कुठल्या पट्टीवर मोजायचा तेही सांगून टाका.

शब्दवेल्हाळ

त्याचे पश्चात्-धक्केच जास्त असतात :) पण मला मनापासून वाटतं की हा शब्द इतका स्वस्त करू नये. जुन्या लिखाणात 'धरणीकंप' यायचा. तो वाचला की अजूनही अंगावर काटा येतो.

खडकवेडा

शब्दवेल्हाळ यांच्या पुढे जातो. हा आकडा पायऱ्यांसारखा सारख्या उंचीनं वाढत नाही. एक अंक वाढला की जमिनीची हालचाल १० पट, आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. दोन अंक वाढले की ऊर्जा १००० पट. म्हणजे ४.८ आणि ६.८ या 'जवळपासच्या' गोष्टी नाहीत.

पण नुसत्या आकाराला घाबरायचं का? २०१० सालचे दोन भूकंप शेजारी ठेवून बघा. १२ जानेवारी, हैती, ७.०. दीड महिन्यानं २७ फेब्रुवारी, चिली, ८.८. चिलीच्या भूकंपात हैतीच्या सुमारे ५०० पट ऊर्जा होती. हैतीत लाखाहून जास्त माणसं गेली. चिलीत सुमारे सव्वापाचशे, त्यातही बरीच त्सुनामीनं. हैतीचा भूकंप उथळ होता आणि राजधानीच्या अगदी जवळ, हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे चिलीनं १९६० साली ९.५ चा भूकंप सोसला होता. नोंदलेल्या भूकंपांतला तो सगळ्यात मोठा. त्या समाजानं आपली बांधकामं त्याप्रमाणे बदलत नेली होती.

स्तंभ_तुळई

आता माझ्या विषयाला आलात. मी इमारतींच्या संरचनेचं काम करते. माणसं भूकंपानं फार थोडी मरतात, ती इमारतींनी मरतात.

आणि इमारत कुठल्या मातीवर उभी आहे तेही बघावं लागतं. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिकोच्या किनाऱ्यावर ८.० चा भूकंप झाला. मेक्सिको सिटी तिथून साडेतीनशेहून जास्त किलोमीटर लांब. पण शहराचा मधला भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलाय. तो गाळ दोन-दोन सेकंदांच्या लयीत झुलायला लागला. इमारतीलाही स्वतःची लय असते, ढोबळ हिशेब मजल्यांची संख्या भागिले दहा, इतके सेकंद. दहा मजली एक सेकंद. तडे गेले की इमारत ढिली पडते, लय लांबते आणि गाळाच्या लयीला जाऊन मिळते. झोपाळ्याला दर खेपेला बरोबर वेळी ढकलावं तसं झालं. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचं सगळ्यात जास्त नुकसान झालं, आणि त्याच रस्त्यावरची ठेंगणी घरं पुष्कळशी उभी राहिली.

२६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती पडल्या. केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर! त्यातल्या अनेकांचा तळमजला गाड्या लावायला मोकळा ठेवलेला होता. वर भिंतींनी भरलेले जड मजले, खाली नुसते खांब. सगळी हालचाल त्या एका मजल्यात एकवटते आणि खांबांची डोकी मोडतात.

कुणी नवं घर बांधत असेल तर काँक्रीट ओतायच्या आधी एक गोष्ट स्वतः डोळ्यांनी बघा. खांबाच्या उभ्या गजांभोवती ज्या रिंगा असतात त्यांची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली असली पाहिजेत. ९० अंशांत नुसती दुमडलेली टोकं हादऱ्यात उघडतात आणि आतलं काँक्रीट बाहेर सांडतं. गजाचा खर्च जवळजवळ तेवढाच, फरक वाकवणाऱ्याच्या मेहनतीचा. याबाबत मी कंत्राटदारांशी इतकी भांडले आहे की काही जण मला लांबून बघूनच रिंगा मोजायला लागतात.

केतकीरान, तिसरा प्रश्न. चौकटीत उभं राहण्याचा सल्ला जुन्या मातीच्या घरांवरून आलाय. हल्लीच्या इमारतीत चौकट भिंतीपेक्षा मजबूत नसते आणि हलणारं दार बोटं चिरडू शकतं. आत असाल तर खाली बसा, भक्कम टेबलाखाली जा, डोकं-मान झाका आणि टेबलाचा पाय धरून ठेवा, कारण टेबल सरकतं. पलंगावर असाल तर पालथं होऊन उशी डोक्यावर. हलत असताना जिन्याकडे पळू नका.

मातीतला_माणूस

स्तंभ_तुळई, तुमचं म्हणणं पक्क्या इमारतींसाठी मान्य. पण सगळ्यांसाठी नाही, आणि हे मी शांतपणे लिहू शकत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. आकार ६.२. जगाच्या हिशेबात मधला. मी तेव्हा महाविद्यालयात होतो, मदतीला गेलेल्या एका गटाबरोबर गेलो. गावं उरली नव्हती, दगडांचे ढीग होते. दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, दगड आणि माती, वर मातीचं जड माळवद. भिंत बाहेरून एक दिसते, पण आत दोन पदर असतात आणि मधे भर. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात एक पदर आत पडतो, एक बाहेर, आणि माळवद सरळ खाली. आम्ही हातानं दगड उचलत होतो. सुमारे १० हजार माणसं गेली. अशा घरात टेबल कुठलं आणि त्याच्याखाली जाऊन काय होणार?

आणखी एक. त्या भागात आदल्या वर्षी लहान धक्के बसले होते. मग ते थांबले. मोठा आला तो जवळजवळ वर्षानं. प्रश्नचिन्ह, तुम्हीच सांगा, त्या लहान धक्क्यांवरून कुणी कुठली तारीख काढायची होती? वर्षभर लोकांनी कुठे राहायचं होतं? ते ज्या घरात राहत होते ती घरं मात्र बदलता आली असती.

स्तंभ_तुळई

मातीतला_माणूस, तुमचं बरोबर आहे आणि मी घाईत लिहिलं. दगड-मातीच्या घरात, दार जवळ असेल आणि बाहेर मोकळी जागा असेल, तर पहिल्याच थरथरीला बाहेर पडणं चांगलं. अशा घरांना वाचवायचे उपायही आहेत आणि ते फार महाग नाहीत. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा तशाच लांबीचे काँक्रीटचे ठोकळे बसवायचे, दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना फिरणारा लोखंडी गजांचा काँक्रीटचा पट्टा घ्यायचा, छपराचं ओझं कमी करायचं. पट्टा असला की चारही भिंती पेटीसारख्या एकत्र हलतात.

नवखी_वाट

मी फक्त वाचत होते, पण एक विचारते. धरणामुळे भूकंप होतो हे खरं की अफवा?

खडकवेडा

काही ठिकाणी खरं, आणि जगातलं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण कोयनेचं आहे. १९६२ पासून जलाशय भरायला लागला, लहान धक्के वाढत गेले आणि ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ चा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. जलाशयामुळे झालेल्या भूकंपांत एवढा मोठा दुसरा नोंदलेला नाही. पाण्याचं वजन आणि खडकातल्या भेगांत शिरणाऱ्या पाण्याचा दाब, दोन्हींमुळे आधीच ताणलेली भेग निसटते. ताण मुळात तिथे असावा लागतो, पाणी फक्त निमित्त होतं. म्हणून बहुतेक धरणांपाशी काहीच होत नाही. कोयना भागात अजूनही धक्के बसतात. भेगेच्या जवळ जाऊन ऐकता यावं म्हणून तिथे तीन किलोमीटर खोल विंधन विवर घेतलंय. यंत्र खाली नेलं की वरचा ट्रक-झाडांचा गलबला राहत नाही, हे लंबककाकांना लगेच पटेल.

लंबक

पटलं! तीन किलोमीटर खाली कागद बदलायला कोण जाणार, एवढीच काळजी.

दूरदेशी

मी ११ मार्च २०११ ला जपानमध्ये सेंदाईला शिकत होतो. दुपारचे पावणेतीन. खोलीतले सगळे फोन एकदम वेगळ्याच आवाजात ओरडायला लागले. मला वाटलं कुणाचा तरी गजर. शेजारच्या मुलीनं माझी बाही धरून मला टेबलाखाली ओढलं. तेवढ्यात जमीन यायला लागली. 'यायला लागली' असंच म्हणावंसं वाटतं. ती थांबेचना, तीन मिनिटांच्या आसपास चाललं. तो गजर आणि मोठा हादरा यांच्यामधे पंधराएक सेकंद मिळाले. टेबलाखाली जायला ते पुरले.

ते भाकीत नव्हतं. भूकंप समुद्राखाली सुरू झाला होता, किनाऱ्यावरच्या यंत्रांनी पहिली लाट पकडली, संगणकानं हिशेब केला आणि विजेच्या वेगानं संदेश दुसऱ्या लाटेच्या पुढे पळाला. बुलेट ट्रेनची वीज अशाच यंत्रांनी तोडली. त्या दिवशी प्रवासी घेऊन धावणारी एकही बुलेट ट्रेन रुळांवरून घसरली नाही.

मर्यादाही सांगतो, कारण नुसतं कौतुक केलं तर ते खरं होणार नाही. पहिल्या काही मिनिटांत भूकंपाचा आकार ७.९ धरला गेला. प्रत्यक्षात ९.० होता. त्यामुळे त्सुनामीच्या लाटांची पहिली सूचनाही कमी उंचीची गेली. खडकवेडा म्हणाले तसं, फाटणं अजून चालूच होतं.

प्रश्नचिन्ह

दूरदेशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग ही व्यवस्था सगळीकडे का नाही? आणि केतकीरान यांना त्या रात्री सूचना मिळू शकली असती का?

लंबक

त्यांच्यापुरता हिशेब करू. अंतर ३२ किलोमीटर. पहिली लाट त्यांच्यापर्यंत साधारण ५ सेकंदांत, दुसरी ९ सेकंदांत. सगळ्यात जवळच्या मापन केंद्रावर लाट पोचायला दोन-तीन सेकंद, हिशेबाला आणि संदेशाला आणखी काही सेकंद. हातात एखाद-दोन सेकंद उरले तर उरले. म्हणजे जिथे हादरा सगळ्यात जोराचा तिथेच सूचना पोचत नाही. मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर २०१७ ला हेच झालं. भूकंपाचं केंद्र शहराच्या जवळ होतं, भोंगे वाजेपर्यंत जमीन हलायला लागली होती. किनाऱ्यावरच्या भूकंपाला मात्र तीच व्यवस्था शहराला मिनिटभर देते.

हल्ली फोनमधल्या हालचाल ओळखणाऱ्या भागाचाही उपयोग करतात. टेबलावर पडलेले हजारो फोन एकाच वेळी थरथरले की अँड्रॉइडची व्यवस्था त्यावरून भूकंप ओळखते. आमच्या वजनासारखा तो नाजूक नाही, पण संख्या केवढी!

प्रश्नचिन्ह

एक शेवटची शंका. लहान धक्के बसत राहिले तर ताण निघून जातो आणि मोठा टळतो, असं आमच्याकडे सगळे म्हणतात.

खडकवेडा

३२ चा गुणाकार आठवा. एका ७ च्या भूकंपाची ऊर्जा लहान-लहान करून सोडायची तर ५ चे सुमारे १००० भूकंप लागतील. ८ च्यासाठी ३२ हजार. आणि निसर्गात प्रमाण ठरलेलं दिसतं: आकार एकानं कमी झाला की संख्या साधारण दहापट. ३२ पट ऊर्जेला दहापट संख्या पुरत नाही. ताण मुख्यतः मोठ्या भूकंपांतूनच मोकळा होतो.

प्रश्नचिन्ह

हे पटलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना हाच धीर देत होतो.

लंबक

केतकीताई, 'पहाटे पाच'च्या निरोपाबद्दल कुणी लिहिलं नाही. कुठल्याही धक्क्यानंतर जवळपास त्याहून मोठा यायची शक्यता काही दिवसांपुरती थोडी वाढते. जगभरच्या अनुभवावरून ढोबळमानानं वीसात एक. त्यामुळे लोक बाहेर बसले यात हसण्यासारखं काही नाही. पण निरोपात घड्याळाची वेळ असेल तर तो खोटा. जपानमध्ये १८९४ साली ओमोरी यांनी दाखवलं की पश्चात्-धक्के दिवसागणिक कमी होत जातात. दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या साधारण दहावा भाग. हे सगळं मिळून सांगता येतं, एकेकाची वेळ सांगता येत नाही.

उनाड_वारा

स्तंभताई, लिफ्टमध्ये असताना धक्का बसला तर?

स्तंभ_तुळई

सगळ्या मजल्यांची बटणं दाबायची आणि दार पहिल्यांदा उघडेल तिथे उतरायचं. अडकलात तर आत बसून मदतीची घंटा वाजवायची, दार उचकटायचं नाही.

केतकीरान

सगळ्यांचे मनापासून आभार. मी पहिल्या दिवसापासून सगळं वहीत उतरवून घेतेय.

लंबककाका, बातमीतलं केंद्र नकाशावर मोजलं. आमच्या घरापासून ३० किलोमीटर. मी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. खोली १० धरली तर तुमचे ३२ बरोबर येतात ना?

मुलीच्या पलंगाच्या डोक्याशी पुस्तकांचं उंच कपाट होतं. ते दुसऱ्या भिंतीशी नेलं आणि वरून लोखंडी कोनांनी भिंतीला जखडलं. आमचा तळमजलाही गाड्यांसाठी मोकळाच आहे. इमारतीच्या बैठकीत स्तंभ_तुळई यांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. दोघे-तिघे कंटाळले, पण संरचना अभियंत्याकडून खांबांची तपासणी करून घ्यायचं ठरलं.

काल संध्याकाळी पुन्हा धक्का बसला, ३.९. तावदानं वाजली तशी मुलगी टेबलाखाली शिरली आणि मोठ्यानं आकडे म्हणायला लागली. हललं तेव्हा ती 'चार' म्हणत होती.

लंबक

हो, बरोबर येतात. तिला माझा नमस्कार सांगा. आणि एक करा, भूकंपमापन संस्थांच्या संकेतस्थळावर 'तुम्हाला धक्का जाणवला का' असा अर्ज असतो, तो दोन्ही धक्क्यांसाठी भरा. किती मजल्यावर होतात, काय हललं, काय पडलं, सगळं विचारतात. तीव्रतेचे नकाशे बनवताना असे अर्जही धरतात. अभिप्रायाच्या रकान्यात तिचे चार सेकंदही लिहा.